चपट्या केबलचा वेग

मंगळवार, संध्याकाळ

वेग कळला आणि डिझाईनं गेली. दुपारपासून डोक्यात हेच घोळतंय.

सकाळी ललिताक्का नवी पेठेतल्या माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात आल्या. नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क चादरीत गुंडाळून आणली होती. नवरा चादरींची डिझाईनं काढायचा. तो वारला, डिझाईनं डिस्कमध्ये राहिली. मी ती यूएसबीच्या जुन्या पोर्टला लावली. कॉपी सुरू झाली, पण मुंगीच्या पावलांनी. मी वैतागलो. त्या म्हणाल्या, "होऊ दे की सावकाश. मी बसते हितं."

त्यांना घाई नव्हती. मग मला कसली होती? कॉम्प्युटरला आतून थेट जोडणाऱ्या आयडीईच्या चपट्या केबलवर हीच डिस्क किती पळते ते बघायची खाज, दुसरं काय! कॉपी मध्येच तोडली. तोवर डिस्कमधली नुसती गाणी उतरली होती, डिझाईनं बाकीच होती. केबल बदलली आणि आधी स्पीड टेस्ट लावली. वेग कितीतरी पट आला! कौतुकानं त्यांना आकडा दाखवतोय, तोच डिस्क टकटक करायला लागली. थांबली ती थांबलीच.

"जुनी होती, आज ना उद्या जाणारच होती," मी म्हणालो. अगदी खोटं नाही. पण सावकाश चालली असती ना ती, संध्याकाळपर्यंत तरी?

त्यांनी डिस्क पिशवीत टाकली, चादर मात्र काउंटरवरच ठेवली. "राहू दे तुमाला, भाऊ. लई खपलात माझ्यासाठी. यांच्याच डिझाईनची हाय."

आणि मी ती घेतली.