दुकानात मीही उभी होते

हैदराबाद

प्रिय आमोसदादा, सलाम.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. फोनवर लॅपटॉपचं काढलं की तू विषय बदलतोस, म्हणून लिहितेय.

नगरच्या दुकानात मी त्या माणसाला सांगत होते, एम.टेक.ला उपग्रहाच्या फोटोंवरून जमिनीचे नकाशे करायचे आहेत, जड काम झेपेल असा दाखवा. तो तुझ्याकडे बघून म्हणाला, "ताईंना हा बघा, हलका आहे, दिसायलाही छान." तू म्हणालास, "हाच द्या. तिला कुठं एवढं लागतंय?" मी तोंड उघडायच्या आत तू कार्ड पुढं केलंस. मी शेजारीच उभी होते, दादा.

इथं पहिल्याच नकाशाला तो बंद पडला. सगळ्यांचं काम चालू, आणि मी काळ्या स्क्रीनसमोर बसून. सर म्हणाले, "घेताना कुणाला विचारलं नाही का?" राग इतका आला की रडूही आलं नाही. ट्रॅक्टरचा टायर तरी तू असा दिसण्यावर घेतला असतास का?

मैत्रिणीला टायपिंगपुरता हवा होता, तिला तो काल विकला. एका सीनियरचा जुना, विटेसारखा जाड लॅपटॉप घेतला. नकाशे उघडतात. तुला विचारलं नाही.

मम्मीचा गुडघा कसा आहे? ती फोनवर नीट सांगत नाही. टाळू नकोस, तिला राहुरीला डॉक्टरांकडे ने. आणि तिथं गेल्यावर दुखतं कुठं, ते तिचं तिला सांगू दे.

रागावलेली, तरी तुझीच,
प्रार्थना