टिटवी मात्र माझी

प्रिय रेखाताई,

'प्रिय' लिहिलं खरं, पण पेन अडलाच. सवतीले कोणी प्रिय लिहिते काय? तेही जिले मी कधी डोळ्यानं पाहिलं नाही, जी गेल्यावर मी या घरात आली! पण आज सकाळी मागच्या आंगणात जे झालं ते तुले सांगितल्याशिवाय मले राहवत नाही. हॉलमधल्या तुझ्या फोटोसमोर उभी राहून बोलली असती, पण आपले हे घरीच आहेत. शाळेले उन्हाळ्याच्या सुट्ट्या आहेत ना. म्हणून शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहून राहिली.

पाह्य, 'माझे हे' लिहायचं होतं. 'आपले हे' लिहिल्या गेलं.

सरळच सांगते, ताई. मी तुझ्यावर जळते. आईबाबांचं करता करता माझं लग्न राहून गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी तू गेली, अन् मागच्या दिवाळीनंतर मी चाळिशी उलटून या घरात नवरी म्हणून आली. लग्नाच्या दिवशीच गावाहून आलेल्या सासूबाईंनी तुझा टाक माझ्या गळ्यात घातला. नखाएवढा, चांदीचा, त्यावर बाईची आकृती. "पहिलीचा मान असते, माय," म्हणाल्या. "रोज आधी तिले कुंकू लावायचं, मग स्वतःले." मी मान खाली घातली. पण मनात म्हटलं, वा रे वा! नवरी मी, अन् पहिलं कुंकू हिले!

बरं, टाक तर टाक. ब्लाऊजच्या आत सरकवला की दिसत नाही. पण तू फक्त गळ्यात असती तर चाललं असतं. तू तर साऱ्या आंगणात पसरलेली!

माझं माहेर तुले माहीत नसन. गांधीबागेच्या मागं, कोष्ट्यांच्या गल्लीत. माग कधीचे गेले, भाऊ कापडाच्या दुकानात लागला, पण घरं अजून तशीच, भिंतीले भिंत. जनावर म्हणजे पाल, उंदीर अन् शेजारच्यांची बकरी. आणि इथं? उमरेड रोडवरचा तुमचा हा लेआऊट, अर्धे प्लॉट रिकामे, कमरेएवढं गवत. पहिल्याच सकाळी मी मागचं दार उघडलं, तर पायरीवर एक मुंगूस दोन पायांवर उभं राहून माझ्या तोंडाकडे पाहून राहिलं. मी अशी किंचाळली की हे तोंडात ब्रश घेऊनच धावत आले. अन् हसाले लागले.

"अवं, तो राजा आहे. रेखाचा राजा. रोज येते. रेखा त्याले उकडलेलं अंडं द्यायची."

मग काय, रांगच लागली. मुनग्याच्या झाडावरची खार कोणाची? रेखाची चिंगी. स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन कलकल करणारे सातभाई कोणाचे? रेखाचे. कुंपणावर तो मोठा लाल डोळ्यांचा भारद्वाज? "रेखाले दिसला की तिचा दिवस चांगला जाये." अन् शेजारच्या काकू! भिंतीवर कोपर टेकवून रोज ऐकवत. "रेखा हाक मारायची तर आंगण भरून जाये वं!" एक दिवस न्हाणीत पाल दिसली तर मीच यांना विचारलं, "ही कोणाची? रेखाची काय?" हे हसले नाहीत. डबा घेतला अन् कुहीच्या शाळेले निघून गेले. मग दिवसभर मलेच वाईट वाटत राहिलं.

मी प्रयत्न केला नाही असं समजू नको. अंडं उकडलं, तुकडे केले, पायरीवर ठेवले, अन् 'राजा, राजा' म्हणून हाका मारल्या. आला तो. अंडं खाल्लं. पण माझ्याकडे पाहिलं काय त्यानं? माझ्या मागं, दारात पाहे. मान लांब करून करून पाहे. खाणं झालं तरी तिथंच उभा. तू येशीन म्हणून वाट पाहून राहिला होता तो. माझ्या हातचं खाऊन तुझी वाट! तुले सांगते, त्या दिवशी मी भांडे घासता घासता रडली.

म्हणून मी यांना एकच गोष्ट मागितली. ओटा. आमच्या माहेरी दारासमोर ओटा आहे. आई, काकू, आजूबाजूच्या बाया तिथं बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, अन् माग गेल्यावर नुसत्याच बसायच्या. बाईले बसाले जागा असली की घर आपलं वाटते. मागच्या आंगणात घर बांधतानाची उरलेली दगडाची गिट्टी पडलेली आहे ना, मुनग्यापासून जरा दूर? मी म्हटलं, "ती गिट्टी उचला अन् तिथं मले ओटा बांधून द्या. माझ्या बसण्यापुरता."

यांनी गिट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बघू."

होळी गेली, 'बघू' चालूच. मी रोज टोचणी लावली. शेवटी अक्षय तृतीयेनंतर मिस्त्री ठरला. अन् त्याच आठवड्यात टिटवी आली.

मी गिट्टीकडे गेली तर ती डोक्यावरून अशी सूं करून गेली की मी खालीच बसली. टिटिव् टिटिव् करून सारा लेआऊट डोक्यावर घेतला तिनं. मग पाहिलं. गिट्टीत चार अंडी. गिट्टीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. पाय पडला असता तर कळलंही नसतं! शेजारच्या काकू भिंतीवरून ओरडल्या, "माय वं! टिटवी अन् घराच्या आंगणात? हाकलून दे तिले आत्ताच्या आत्ता. अपशकुनी असते."

हे आले. मी यांच्या तोंडाकडे पाहून राहिली. आता म्हणतील, ही रेखाची. म्हणाच! पण हे काहीच बोलले नाहीत. अंड्यांकडे पाहिलं अन् घरात निघून गेले.

ताई, मले काय आनंद झाला! म्हटलं, ही यांना माहीत नाही. म्हणजे हिले तू माहीत नाही. म्हणजे ही माझी! ती माझ्यावर प्रेम करत होती असं नाही हं. माझ्यावरही तेवढीच ओरडे. पण माझ्याकडे पाहून ओरडे. माझ्या मागं दारात कोणाले शोधत नव्हती.

मिस्त्रीले मीच फोन करून सांगितलं, आता येऊ नका. हे चकितच झाले. "काहून? तूच तर मागं लागली होती ना?" म्हटलं, "माझी मर्जी."

मग मी माझी मशीनच उचलून मागच्या दारात ठेवली. फॉल-पिकोचं काम तिथंच बसून. इकडं ऊन कसं तापते ते तुले काय सांगावं! आत कूलर चालू, अन् मी बाहेर वाफेत. पण ती टिटवी तर उघड्या गिट्टीवर बसलेली, चोच वासून. मी तिच्यापासून जरा दूर घमेल्यात पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर काय, घमेल्यात उतरून पोटाची पिसं भिजवे, अन् ओल्या पोटानं जाऊन अंड्यांवर बसे. अंडी थंड राहाले पाहिजेत म्हणून! कोणी शिकवलं असन वं तिले? मी सुई तशीच हातात धरून पाहत राहिली.

"ऊन लागन तुले," हे म्हणत.

"लागू द्या."

एक दिवस ऐन दुपारी टिटवीचा आवाजच बदलला. मी मान वर केली तर भिंतीच्या कडेकडेनं, डोकं खाली घालून, तुझा राजा! गिट्टीवर त्याची नजर. टिटवी पंख पसरून त्याच्यासमोर लोळण घेऊन राहिली, पंख मोडल्यासारखं सोंग करून राहिली, अन् हा तिच्याकडे पाहतही नाही. मी झाडू उचलला अन् धावली. पायात चपला नाहीत. जमीन तव्यासारखी. हाणला, ताई. तुझ्या लाडक्या राजाच्या पाठीत असा सणसणीत झाडू हाणला की तो भिंतीखालच्या बिळातून पार पलीकडे. "मेल्या, पुन्हा आला तर टांगच तोडीन!" मी ओरडली.

वळून पाहते तर हे दारात.

"अवं, राजाले मारलं तू? रेखानं त्याले कधी साधं..."

"रेखा नाही आहे!" मी एवढ्या जोरात म्हटलं की काकूंच्या घरातला टीव्ही बंद झाला. "मी आहे! या घरात मी आहे! मले पाहा ना एकदा!"

हे आत गेले. मले वाटलं, संपलं सारं, उद्याच माहेरी धाडतात. पण हे तांब्या घेऊन आले. मले पायरीवर बसवलं, अन् माझ्या भाजलेल्या पायांवर पाणी ओतत राहिले. मग खाली मान घालूनच बोलले. तेव्हा मले कळलं.

तुझा शेवटचा उन्हाळा. मागच्या खोलीच्या खिडकीशी तुझी खाट. उठून उभं राहणं होत नव्हतं तुझ्यानं. तेव्हाही टिटवीनं याच गिट्टीत अंडी घातली होती, अन् दिवसभर तू तेच पाहत पडून राहायची. एक दिवस सकाळच्या शाळेतून हे यायच्या आधीच राजा आला. तू स्टीलचा ग्लास खिडकीच्या गजावर आपटला. होता नव्हता तेवढा जीव आणून ओरडली. अन् राजानं तुझा आवाज ओळखला ना वं! त्याले वाटलं, तू खायलेच बोलवून राहिली. त्यानं खिडकीकडे पाहिलं, अन् मग तुझ्या डोळ्यांदेखत एक एक अंडं खाल्लं. हे आले तेव्हा ग्लास चेपलेला होता. तू एवढंच म्हटलं, "पुढच्या उन्हाळ्यात मी राखीन."

पाऊस लागेपर्यंत तू गेली. मधल्या उन्हाळ्यात टिटवी फिरकलीच नाही. पण हे गिट्टीले हात लावू शकले नाहीत. म्हणून ते 'बघू'. म्हणून ती अंडी पाहून गप्प.

खरं सांगू, रागावशीन काय? मले तुझी दया आली, पण आधी राग आला. बापा रे! एक वस्तू माझी म्हणून छातीशी धरली होती, तीही तुझीच निघाली! दोन दिवस मी यांच्याशी बोलली नाही अन् तुझ्या टाकाले कुंकूही लावलं नाही; मग लावलं तेही माझ्या नंतर. तुले कळलंच असन.

पण मशीन मात्र दारातून हलवली नाही. राग तुझ्यावर, टिटवीवर कशाले काढू? तिसऱ्या दिवशी हे एक खुर्ची घेऊन माझ्या बाजूले येऊन बसले. हातात वेळूची काठी. मास्तर माणूस, काठी धरता येते! मी शिवायची, हे पेपर वाचून दाखवायचे. राजा भिंतीवर आला की दोघंही 'हाड' करायचे. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एवढा वेळ शेजारी बसलोच नव्हतो. तू असताना बसायचे काय गं हे असे? नको, सांगू नको.

नवतपा लागला आहे, तेच ते आगीचे नऊ दिवस. अशा भट्टीत आज सकाळी पिल्लं निघाली! तीन. एक अंडं तसंच राहिलं. कापसाच्या बोळ्याले काड्या लावाव्यात एवढीशी, अन् निघाल्या निघाल्या पायावर उभी! आई ओरडली की जमिनीले चिकटून दगड होत. पुन्हा ओरडली की पळत. मी तोंडावर हात धरून पाहून राहिली. यांचे डोळे भरून आले होते. म्हटलं, आता म्हणतील, रेखा असती तर. हे माझ्याकडे वळले अन् म्हणाले, "तू राखलं वं माया."

तेव्हा काय झालं मले, कोणास ठाऊक. मी ब्लाऊजमधून तुझा टाक बाहेर काढला अन् त्याचं तोंड गिट्टीकडे करून धरला. कितीतरी वेळ धरला. पाह्यलं ना, ताई? नीट दिसलं ना? ते तिसरं जरा लंगडत होतं, ते पण आईच्या मागं गवतात गेलं.

तुझ्या डोळ्यांसमोर अंडी गेली, माझ्या डोळ्यांसमोर पिल्लं निघाली. एवढे दिवस मी जळली. आता तू जळ!

उद्या मिस्त्री येते. पण गिट्टीले हात लागणार नाही, हे मी तुले शब्द देते. ओटा मुनग्याखाली होईन, अन् माझ्या एकटीपुरता म्हटलं होतं ते खोडलं, जरा रुंद करीन. पुढच्या उन्हाळ्यात टिटवी आली तर पुन्हा राखीन, अन् त्याच्या पुढच्याही. राजाले उपाशी ठेवणार नाही. पण आता अंडं बंद, पोळी देईन. तूच लावली ती सवय, तूच बिघडवलं त्याले! कुंकू उद्यापासून आधी तुले.

बाकी आंगण तुझं तुझ्याजवळ ठेव. राजा तुझा, चिंगी तुझी, सातभाई तुझे. न्हाणीतली पालही तुझीच. टिटवी मात्र माझी.

तुझी सवत,
माया