पहिल्याच खेपेला हो

तेहरान,
२० आबान

प्रिय शुकूहताई,

सलाम, आणि तुझ्या दोन्ही गालांचे मुके. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. मनूचेहरचा गुडघा दुखतो, पण तो दुखायचा थांबला तर आम्ही नवरा-बायकोने बोलायचं तरी कशावर? तुझी मांजर बरी झाली का? डाळिंबांचा रस आटवून झाला का?

पत्र बघून दचकली असशील. एक दिवसाआड फोन करणारी बहीण पत्र कशाला लिहिते? कारण फोनवर माझी जीभ माझी राहत नाही. तिथे आपली आई बोलायला लागते. गेल्या शुक्रवारी तू म्हणालीस, घराला गिऱ्हाईक मिळालं, महिनाअखेर सही करते आणि कायमची तुझ्याकडे येते. मी काय म्हणाले? "ये ये, तुझं पाऊल माझ्या डोळ्यांवर!" फोन ठेवला आणि तशीच जमिनीवर बसले. मनूचेहरने विचारलं, कोण गेलं?

तर तू येण्याआधी हे शहर कसं आहे ते तुला नीट कळावं. तू तेहरान पाहिलंस ते पाहुणी म्हणून. तजरीशला आमच्या गच्चीत बसून, हातात चहा, समोर बर्फाचा डोंगर. त्याला तेहरान म्हणत नाहीत ताई, त्याला तेहरानची टोपी म्हणतात.

पहिली गोष्ट म्हणजे इथली हवा. सध्या थंडी पडायला लागलीये, वारा नाही, आणि डोंगर आठवडाभर कुणाला दिसलेला नाही. शाळा बंद आहेत. मुलं खूश, आया बेजार. खिडकीची कड पुसली की फडकं काळं होतं. तू आयुष्यभर यझ्दच्या कोरड्या, स्वच्छ हवेत वाढलेली, तुला इथे दम लागेल.

दुसरी गोष्ट गर्दी. कोटीभर माणसं एकाच वेळी घराबाहेर पडतात आणि प्रत्येकाला वाटतं, बाकीचे उगाच निघालेत. इथे कुणी अंतर सांगत नाही, "गर्दी नसेल तर अर्धा तास" असं सांगतात, आणि गर्दी नाही असं कधी होत नाही. मेट्रोत बायकांच्या डब्यात मोजे, लिपस्टिक, भाजी सोलायची सुरी, सगळं विकायला येतं. परवा एक बाई माझ्या गुडघ्यावर पिशवी ठेवून मला म्हणाली, "खालाजान, जरा धरा, मी तोवर हिला ब्लाउज दाखवते." मी धरली. नंतर दोन बायकांना भावही सांगितला.

आणि टॅक्सीवाले! काल उतरताना पैसे पुढे केले तर म्हणतो, "राहू द्या हो, तुमच्यासाठी काय पैसे घ्यायचे!" मला इतकं हसू आलं. खरंच तशीच उतरून गेले असते तर बिचारा चौकापर्यंत मागे धावला असता. मी पुन्हा पुढे केले, तो पुन्हा नको म्हणाला, तिसऱ्यांदा घेतले आणि वर "कमी आहेत" म्हणाला. आपली रीतच ती. तोंडदेखलं बोलायचं, आणि ते तोंडदेखलं आहे हे समोरच्याने ओळखायचं.

इथवर लिहिलं आणि मनूचेहर मागून वाचत होता. म्हणाला, "शत्रूच्या रेडिओनेसुद्धा तेहरानची इतकी बदनामी केली नसेल. चिनार कुठे गेले? डोंगरावरचा गरम शेंगदाणेवाला कुठे गेला? तूरान, तुला जे लिहायचंय ते लिही की."

बरं. लिहिते.

हे शहर उतारावर आहे. वरून खाली वलीअस्र रस्ता येतो, दोन्हीकडे चिनार, आणि कडेच्या नाल्यातून डोंगराचं पाणी. तजरीशला ते पाणी इतकं स्वच्छ असतं की मुली त्यात टरबूज गार करत ठेवतील. तिथली माणसं कुत्रे फिरवतात आणि हळू बोलतात. जरा खाली वनकचा चौक, तिथे सगळे घाईत, सगळे हुद्द्यावर. आणखी खाली नाटकगृहापाशी विद्यार्थी, बाकांवर प्रेमात पडलेले किंवा प्रेमभंग झालेले. मग मुनीरियेला नुसती खेळाच्या सामानाची दुकानं, पोटं सुटलेले दुकानदार धावायचे बूट विकतात. रस्ता संपतो तिथे रेल्वे स्टेशन. तोवर नाल्यातलं पाणी काळं झालेलं असतं आणि त्यात बाटल्यांची बुचं तरंगतात. स्टेशनच्या मागे दुसरी गल्ली, बेकरीच्या वर तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या.

तिथे आम्ही राहतो, ताई. वसंतापासून.

मनूचेहरचा शाळेच्या बुटांचा कारखाना मागच्या हिवाळ्यात बंद पडला. तजरीशचं घर विकून कामगारांचं देणं दिलं, त्याला ते तसंच हवं होतं आणि मला त्याचा अभिमानच आहे. पण तुला सांगायला तोंड उघडेना. गावात तू सगळ्यांना सांगतेस ना, आमची तूरान डोंगराच्या पायथ्याशी राहते म्हणून? मला ते वाक्य मोडायचं नव्हतं. तुझ्याशी फोनवर बोलताना मी गच्चीच्या गोष्टी करायचे आणि खालून बेकरीवाला ओरडू नये म्हणून खिडकी लावून घ्यायचे.

आणि मग भावजींना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी मी म्हणाले, "एकटी नको राहूस, माझ्याकडे ये, कायमची राहा." विधवा बहिणीला कुठली बहीण हे म्हणत नाही? तू नाही म्हणायचंस. मी पुन्हा म्हणायचं. तीनदा झालं की दोघींनी रडायचं आणि चहा टाकायचा. तू पहिल्याच खेपेला "हो" म्हणालीस! साठ वर्षांत तू कुणाच्या घरी पहिल्या खेपेला खजूरसुद्धा उचलला नाहीस.

ताई, सही करू नकोस. घर विकलंस तर तुला परत जायला जागा राहणार नाही आणि माझ्याकडे तुला द्यायला खोली नाही. तू यावीस असं मला वाटतं आणि तू येऊ नयेस असंही वाटतं, दोन्ही मनापासून. बोलताना मी मोठी आणि घरात पथारी टाकायला जागा नाही, अशी माझी गत झाली आहे. रागव, पण आधी गिऱ्हाइकाला थांबव.

पायऱ्या चढून दमलेली,
तुझी तूरान


यझ्द,
२ आझर

माझ्या वेड्या तूरानजान,

सलाम. मांजर ठणठणीत, रस आटला, तीन बाटल्या झाल्या.

तुझं पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचताना रडले, दुसऱ्यांदा हसले, तिसऱ्यांदा चष्मा लावून वाचलं.

आता माझं ऐक. मेहर महिन्यात मी तुझ्यासाठी कुत्ताब तळले, बदामाचे, तुला आवडतात तसे, आणि तजरीशच्या पत्त्यावर पाठवले. तुला चकित करायचं होतं म्हणून फोनवर बोलले नाही. डबा परत आला. वर चिठ्ठी, "ते लोक आता इथे राहत नाहीत." सगळे कुत्ताब फुटले होते. मी एकटीने आठवडाभर ते चुरा करून खाल्ले आणि विचार करत बसले. विचारलं नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, आपल्या घरात तर ती आपलीच तिसरी बहीण आहे.

मग तू म्हणालीस, एकटी नको राहूस. तुझा आवाज कापला. मला वाटलं, ही माझ्याविषयी नाही, स्वतःविषयी बोलतेय. घर गेलं, मनूचेहरला काही झालंय आणि ही मला हाक मारतेय. बहिणीने हाक मारल्यावर तीनदा नाही म्हणायचं? म्हणून लगेच हो म्हटलं. तोंडदेखलं असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

हो म्हटलं खरं, पण त्या दिवसापासून माझा घास गोड लागेना. रोज सकाळी उठायचं आणि एका खोलीचा निरोप घ्यायचा. तुझे भावजी गेले तेव्हा या अंगणाने मला धरून ठेवलं, तूरान. ते सोडून तेहरानला जायचं म्हणजे मला मरणच वाटत होतं. मांजर शेजारच्या बतूलकडे पोचवली तर ती मेली विचारते, "काय ग, हजला चाललीस की फाशी?" मी म्हणाले, बहिणीकडे. ती म्हणाली, "मग तोंड असं का?" आणि तू तिकडे मी येणार म्हणून जमिनीवर बसली होतीस! मी तुझ्यासाठी घर मोडायला निघाले आणि तू माझ्यासाठी नसलेली गच्ची सांभाळत राहिलीस. आई असती तर दोघींच्या पाठीत धपाटे घातले असते.

पत्र वाचून माझा जीव असा भांड्यात पडला की त्याचा आवाज बतूलने भिंतीपलीकडे ऐकला असेल. चप्पल न घालता तिच्याकडे गेले आणि मांजर परत आणली. मग गिऱ्हाइकाला बोलावून चहा पाजला आणि घर विकायचं नाही असं सांगितलं. बिचाऱ्याला वाटलं, म्हातारी तोंडदेखलं नाही म्हणतेय. दुसऱ्या दिवशी मिठाई घेऊन आला. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन आला. तेव्हा कुठे त्याला पटलं. अंगणातला हौद बुजवून मोटार लावणार होता, मेला.

आता तुझी खरडपट्टी. दोन खोल्या म्हणून लाज वाटते? आपण पाच भावंडं एका खोलीत झोपायचो आणि तू माझ्या केसांत पाय घालून झोपायचीस. ज्या माणसाने घर विकून कामगारांचे पगार दिले त्याचं मी इथे काय सांगू नि काय नको? परवा बतूलच्या घरी सगळ्या बायका होत्या, मी सांगितलं, माझी तूरान स्टेशनपाशी राहते, खाली बेकरी आहे, गरम भाकरी जिन्यावरूनच मिळते. त्यांना तुझा हेवा वाटला. त्यातल्या एकीने पत्ता मागितला, मी दिला नाही.

नवरोजला मी येईन. सणाचा तेरावा दिवस झाला की परत. मनूचेहरला स्वयंपाकघरात झोपव, मी तुझ्याजवळ झोपेन. ते नाल्याचं काळं पाणी आणि मुनीरियेचे पोटवाले दुकानदार मला दाखव, तजरीश नको, ते पाहिलंय. रात्री खिडकी उघडी ठेव, मला तुझा बेकरीवाला ऐकायचा आहे.

निघताना तू "अजून राहा" म्हणशीलच. एकदाच म्हण. मी नाही म्हणेन, आणि ते खरं मान. मग स्टेशनवर दोघी पोटभर रडू.

खिडकी उघडी ठेवशील या भरवशावर,
तुझ्याकडे कायमची राहायला कधीच न येणारी,
तुझी शुकूह