वेंडेलसाठी नसलेला दिवा

५ जानेवारी, सकाळी ७
आजपासून इलेक्ट्रॉनिक्स. अडुसष्टाव्या वर्षी सुरुवात म्हणजे फार उशीर नव्हे. एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली, हेडलाइटचे बल्ब मीच बदलायचो. पाया आहेच.
योजना: गोठलेल्या तळ्यावरच्या माझ्या मासेमारीच्या खोपीसाठी बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा. बटण फिरवलं की उजेड कमी-जास्त. बारा एलईडी, एक नऊ व्होल्टची बॅटरी, थोडी तार. दोन संध्याकाळी पुष्कळ झाल्या.
हा दिवा वेंडेलसाठी नाही, हे इथे स्पष्ट नोंदवतो. कारण वॉलआय मासा. दिवस मावळला की तो उथळ पाण्यात येतो आणि बर्फाच्या भोकातून भगभगीत उजेड दिसला की पळतो. शुद्ध शास्त्र.
बायको, लव्हॉन, म्हणाली, हेच माझा भाऊ वेंडेल गेल्या फेब्रुवारीत तुला सांगत होता ना? मी म्हणालो, त्याची सांगायची पद्धत वेगळी होती.

६ जानेवारी
काय झालं ते एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. वेंडेल आणि मी बावीस हिवाळे एकाच खोपीत गळ टाकून बसलो. गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मी नेमका नवा मोठा कंदील आणला होता. तो म्हणाला, उजेड जरासा जास्तच आहे, नाही का? थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला. मिनेसोटात एखादी गोष्ट दोनदा म्हणणं म्हणजे गचांडी धरणंच. मी म्हणालो, मला तर बरा वाटतो. त्याने स्टूल उचललं आणि दोनशे पावलांवरच्या स्टॅनच्या खोपीत गेला तो गेलाच. आता चर्चमध्ये भेटलो की, काय, बरं? बरं. संपलं.
मला काही फरक पडत नाही. पाय पसरायला जागा झाली.

९ जानेवारी
सामान आलं. एलईडी थेट बॅटरीला लावून पाहिला. सुंदर लागला. मग नारिंगी झाला. मग टप् असा आवाज आला. वास जळक्या प्लास्टिकचा.
एलईडी सदोष असणार.

९ जानेवारी, अर्ध्या तासाने
तीन एलईडी सदोष निघाले. दुकानदाराला कडक पत्र लिहिणार.

१० जानेवारी
पत्र लिहिलं नाही. मध्ये रेझिस्टर लावायचा असतो म्हणे, वीज रोखायला. हे पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं. लव्हॉनने पाकीट दाखवलं. मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

१३ जानेवारी
रेझिस्टर म्हणजे तांदळाएवढा तुकडा, अंगावर रंगीत पट्टे. पट्ट्यांवरून ताकद ओळखायची. तपकिरी, लाल आणि नारिंगी हे तीन रंग आमच्या स्वयंपाकघरात एकच दिसतात. अंदाजाने लावले. एकोणतीस वर्षांचा अंदाज आहे मला, धुक्यात बस चालवल्याचा.
आणखी चार एलईडी सदोष.
लव्हॉन म्हणाली, वेंडेलला विचार ना, चौतीस वर्षं वीज मंडळात होता. मी समजावून सांगितलं की खांबावर चढणं निराळं, सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्स निराळं. म्हणाली, हो, खांबावर चढताना टेबल जळत नाही.
तोपर्यंत टेबल जळलं नव्हतं.

१६ जानेवारी
टेबल जळलं. टेबल नव्हे, टेबलक्लॉथ. तोही लव्हॉनच्या आईचा, आणि फक्त एका डॉलरच्या नाण्याएवढा. उजेड कमी करायचं बटण सरळ तारेत जोडलं होतं. फिरवत गेलो, दिवा वाढत गेला, शेवटी बटणातून धूर आला. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की उजेड वाढला. म्हणजे तत्त्व बरोबर आहे. अर्धं काम झालं, फक्त कमी करायचं राहिलं.
भोकावर मिठाची बरणी ठेवली आहे.

१७ जानेवारी
लव्हॉनने मीठ मागितलं.

२२ जानेवारी
पाच दिवस शिक्षा म्हणून गॅरेजमध्ये काम. हात गारठतात, सोल्डर चिकटत नाही. संकल्प: रोज एक तास वाचन, मगच हत्यार हातात. आज वाचन झालं नाही, कारण चष्म्याला सोल्डरचा थेंब चिकटला.
तळ्यावरून येताना स्टॅनच्या खोपीची खिडकी दिसली. आतून हसण्याचा आवाज येत होता. स्टॅनचे विनोद मी ऐकलेत. हसण्यासारखं त्यात काही नसतं.

३० जानेवारी
मोठा शोध. दिवा खरोखर कमी करतच नाहीत. सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू, बंद-चालू करतात. आपल्या डोळ्यांना वाटतं, कमी झाला. त्यासाठी आठ पायांची चिप लागते. म्हणजे सगळा उजेडच फसवणुकीवर चालतो. फार खोल विषय आहे.
चिप मागवली. एक पुरे. जपून पाच मागवल्या.

४ फेब्रुवारी
चार चिपा उलट्या लावल्या गेल्या. एका टोकाला खूण असते. असो. महिन्याभरात मार्च उजाडेल, मग खोप्या बर्फावरून उचलाव्या लागतात. पण मला घाई कसली? मी कुणासाठी थोडाच करतोय.

८ फेब्रुवारी, दुपारी १२
झाला!! दिवा लागतो. बटण फिरवलं की कमी होतो. उलट्या बाजूला फिरवल्यावर कमी होतो आणि सगळा फरक शेवटच्या करंगळीएवढ्या जागेत पडतो, पण होतो. जुन्या बिस्किटांच्या डब्यात बसवला. लव्हॉनला बोलावलं, दिवे बंद केले, तीनदा कमी-जास्त करून दाखवला. ती म्हणाली, वेगळंच आहे. तिच्या आईने मला पहिल्यांदा पाहून हेच म्हटलं होतं, तेव्हा कौतुक म्हणूनच घेतलं.
मग म्हणाली, आता बोलाव त्याला. कोणाला, असं मी विचारलं. ती बटाट्याचा हॉटडिश ओव्हनमध्ये सारायला गेली.

११ फेब्रुवारी, रविवार
चर्चच्या तळघरात कॉफी. वेंडेल लेमन बारची वडी हातात घेऊन एकटाच उभा. सहज म्हणालो, ये की उद्या खोपीत. तो म्हणाला, छे, तुला कशाला त्रास. हे झालं एकदा. मी म्हणालो, त्रास कसला, जागा रिकामीच आहे. म्हणाला, नको, घरी कामं पडलीत. हे दोनदा. दोनदा नको म्हणायची रीतच आहे, त्याचा अर्थ काही नसतो. खरं उत्तर तिसऱ्यांदा विचारल्यावर येतं. मी विचारणारच होतो. पण आधी नव्या दिव्याची थोडी कल्पना द्यावी म्हणून चिपपासून सुरुवात केली. बंद-चालूपर्यंत आलो, तर समोर वेंडेलच्या जागी पास्टरबाई. त्यांना विषय आवडला असावा, डोळे मिटून ऐकत होत्या.

१२ फेब्रुवारी
लव्हॉनला विचारलं, उरलेलं एक विचारणं पुढच्या रविवारी केलं तर चालेल का? म्हणाली, अजिबात नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मग म्हणाली, काल वेंडेलचा फोन होता. विचारत होता, ऑर्लिनला बरं नाही का? मी आपला लेमन बार धरून तिसऱ्यांदाची वाट बघतोय, तर हा बिस्किटाच्या डब्याबद्दल बोलत सुटला.
मी म्हणालो, मला काही वाटत नाही. गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ बर्फ ढकलायचं मशीन पुसत बसलो. वाटलं. लिहायला हरकत नाही, हे कोण वाचतंय. वाईट वाटलं.

१८ फेब्रुवारी, रविवार
तीन वाक्यं पाठ करून गेलो होतो. वेंडेल आला नाही. सर्दी झालीय म्हणे. स्टॅनच्या खोपीत फटींतून वारा घुसतो, मला माहीत आहे. आमच्या खोपीत बावीस वर्षांत एकदाही सर्दी झाली नव्हती त्याला.

२० फेब्रुवारी
उद्या दिवा तळ्यावर. त्याला थंडीची सवय व्हावी म्हणून आजच पिकअपमध्ये नेऊन ठेवला, बॅटरीसकट. नवशिका असता तर ऐनवेळी घरातून काढून नेला असता.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी साडेसात, घरी
साडेतीनला खोपीत गेलो. थर्मामीटर उणे अठरा. गिरमिटाने दोन भोकं पाडली. दुसरं का पाडलं माहीत नाही, सवय. हीटर अगदी बारीक पेटवला. दिवा खुंटीला टांगला. जुना कंदील मुद्दामच नेला नव्हता, आत्मविश्वास हवा. पावणेसहाला अंधार पडला, बटण फिरवलं. काजव्याइतका लागला आणि गेला. पुन्हा फिरवलं. काहीच नाही. अंधारात बसलो. सात आठवडे डोळ्यांसमोरून गेले. तेवढंच काय ते दिसत होतं.
दहा मिनिटांनी बाहेर बर्फावर धावण्याचा आवाज. दार हिसका देऊन उघडलं. वेंडेल. डोक्यावर टोपी नाही, तोंडातून वाफा. ओरडला, ऑर्लिन, मेलास का रे?
नाही म्हणालो.
बाहेर पिकअप उभी आणि खिडकीत उजेड नाही, म्हणजे हीटरच्या गॅसने मी खलास झालो, असं त्याला वाटलं होतं. एकाहत्तराव्या वर्षी, सर्दी अंगात असताना दोनशे पावलं बर्फावरून धावला. मला म्हणाला, गाढवा. बावीस वर्षांत पहिल्यांदा.
मग टॉर्च लावून डबा उघडला. चिप पाहिली. बॅटरी काढून हातात धरली. म्हणाला, दगड झालाय हिचा, रात्रभर पिकअपमध्ये होती की काय? मी म्हणालो, सवय व्हावी म्हणून. त्याने बॅटरी कोटाच्या आत काखेत घातली आणि म्हणाला, अर्धा तास लागेल.
मी म्हणालो, मग बस ना.
बसला. पहिल्याच वेळी. पुढची दोन वाक्यं माझ्या तोंडातच राहिली.
माझ्या गळाला त्याने एक वॉलआय काढला. मला काही नाही. मग पाण्याकडे बघत मी म्हणालो, गेल्या वर्षी उजेड जरा जास्तच होता. तो म्हणाला, जरासा. मला एकदम इतकं हलकं वाटलं की नाक पुसावं लागलं. तोही पुसत होता, पण त्याला सर्दी आहे.
अर्ध्या तासाने बॅटरी लावली. दिवा लागला. असा लागला की दोघांनी डोळे झाकले आणि भोकाशी आलेला मासा शेपटी आपटून गेला. गारठ्याने बटणाची एक तार तडकून सुटली होती, त्यामुळे कमी होण्याचा प्रश्नच नव्हता. उजेड जरासा, एवढंच वेंडेल म्हणाला, तोवर मी बॅटरी उपटली होती. मग हीटर मोठा केला आणि त्याच्या लालसर उजेडात बसलो. तेवढा पुरतो. शास्त्रीयदृष्ट्याही पुरतो.
सारांश: एकतीस एलईडी, पाच चिपा, एक टेबलक्लॉथ. दिवा बंद असताना उत्तम चालतो.
वेंडेल उद्या साडेतीनला स्टूल घेऊन येतोय. निघताना म्हणाला, दिवा घरी ठेव. एकदाच म्हणाला. ठेवतो.