माझ्या खोलीत आलेल्या दोन मोटारी

आदरणीय व्याहीबुवांना सादर नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल आधी हात जोडतो. आपलं पत्र येऊन अठरा दिवस झाले. अठराही दिवस ते माझ्या उशीखाली होतं, तेव्हा विसरलो असं मात्र समजू नका. माझी मान धरली आहे. डावीकडे वळलेली मान समोर येत नाही, आणि कागद तर समोर असतो. (कागद डावीकडे ठेवून लिहून पाहिलं, पण ओळी चढणीला लागल्या.) आज जरा उतार आहे म्हणून बसलो. आपला गुडघा कसा आहे? जिने चढू नका. उतरू तर मुळीच नका. विहीणबाईंचा खोकला थांबला का? थांबला असेल तर का थांबला तेही विचारून घ्या, कारण आमच्या शेजारच्यांचा असाच थांबला होता आणि मग दुप्पट झाला. आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

आपण लिहिलंत की, तुम्ही घरातलं वडीलधारं माणूस, जे घडलं ते पहिल्यापासून कळवा, मग ते यंत्र घरात राहणार की जाणार ते मी ठरवतो, माझा मुलगा माझ्या शब्दाबाहेर नाही. वाचून फार धीर आला. जावईबापू आपल्या शब्दाबाहेर नाहीत हे अगदी खरं आहे. आपला शब्द पोचायच्या आत त्यांचं काम उरकलेलं असतं, एवढंच. मुलीने येत्या रविवारी भंगारवाल्याला बोलावून ठेवलंय. आपला होकार आला की तो यंत्र नेईल आणि माझी खोली मला परत मिळेल. नाही आला, तर मी आहे तिथेच, म्हणजे बोळात.

आता पहिल्यापासून. इथल्या चौकातलं खेळघर बंद झालं. तिथे मोटारींच्या शर्यतीचं एक जोडयंत्र होतं. सीटवर बसायचं, समोरच्या पडद्यावर रस्ता धावतो, आपण जागच्या जागी स्टिअरिंग फिरवायचं आणि कुठेही न जाता घामाघूम व्हायचं. शेजारी शेजारी दोन सीट, दोन स्टिअरिंग, दोन पडदे, म्हणजे हरल्यावर तोंड लपवायलाही जागा नाही. मालक म्हणाला, जो उचलून नेईल त्याला फुकट. शहाणा माणूस फुकटच्या वस्तूला आधी विचारतो, बाई गं, तू फुकट का? जावईबापूंनी विचारलं, कधी नेऊ? लहानपणी या यंत्रासाठी ते शाळेतून परस्पर तिकडे जात असत म्हणे. (हे आपल्याला ठाऊक असेलच. नसेल तर माझ्याकडून कळलं असं म्हणू नका.)

आपल्याला माहीत आहेच, जावईबापूंचा कवळ्या घडवणारा हात मापाला पक्का आहे. माझ्या तोंडातली कवळी त्यांच्याच हातची. केसाएवढा उंचवटा राहिला म्हणून त्यांनी ती तीनदा घासून दिली. त्यांनी यंत्राचं माप घेतलं तेही तसंच चोख. पडद्याची एकेक पेटी साडेबत्तीस इंच. घराच्या दाराचं माप घ्यायला मात्र मुलीची शिवणाची टेप घेतली. त्या टेपेचे पहिले चार इंच फाटून जाऊन वर्षं लोटली. मुलगी दर वेळी मनातल्या मनात चार वजा करते, मीही करतो, आमच्या घरात हे सांगावंच लागत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी जावईबापूंवर ती टेप हातात धरायची वेळ कधी आली नव्हती. दार चौतीस इंच भरलं. मी जवळच उभा होतो. पण जावयाला मध्येच टोकणं बरं दिसत नाही, आणि मला वाटलं, केले असतील वजा.

यंत्र सोडवायला मीही गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण घरचा माणूस विजेच्या वस्तूत हात घालतो म्हटल्यावर जवळ एक तरी माणूस रबरी चपला घालून उभा हवा. सीटचा भाग पडद्याच्या पेटीपासून सुटा करायचा, दोघांमधल्या तारा काढायच्या, की एका जोडयंत्राचे चार तुकडे होतात. ऐकायला सोपं आहे. सगळे बोल्ट निघाले तरी तुकडे सुटेनात. शेवटचे दोन बोल्ट नाणी पडायच्या डब्याच्या आत निघाले, आणि त्या डब्याची किल्ली मालकाने कोणे एके काळी हरवलेली. कुलूप कापलं तर आत नाणी नाहीत, शर्टाच्या गुंड्या. (गुंड्या टाकून शर्यत खेळणाऱ्या मुलांत आपले चिरंजीव नसणार, याबद्दल मला शंका नाही.) पेटीतली, जुन्या टीव्हीत असते तशी, काचेची नळी म्हणजे तर वजनाचा कहर. सगळा भार पुढच्या बाजूला, मागे नुसती शेपटी. पेटी तिरपी झाली की ती माणसाच्या अंगावरच येते.

जावईबापूंनी प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच्यासमोर जमिनीवर मांडून ठेवला होता. मला जमिनीवरचा पसारा बघवत नाही. मी सगळे गोळा केले आणि लांबीप्रमाणे लावून गोळ्यांच्या तीन रिकाम्या डब्यांत भरले. ते पाहून जावईबापूंनी कपाळाला हात लावला, बहुधा कौतुकाने. मग म्हणाले, "बाबा, तुम्ही आता फक्त तारांना चिठ्ठ्या लावा. ते तुमच्यासारखं कुणाला जमणार नाही."

हे मात्र खरं आहे. माझं शिक्षण सातवी, तेही दोनदा. पण पार्सल कचेरीत बत्तीस वर्षं चिठ्ठ्या लावल्या आणि माझ्या हातचं एक पार्सल भलत्या गावी गेलं नाही. आमच्या कचेरीचा नियम साधा. पेटीसमोर उभं राहायचं, आपला डावा हात ती तिची डावी बाजू, उजवा ती उजवी. पेटीला विचारायचं नसतं. त्या नियमाने मी आधी दोन पडद्यांसमोर उभा राहून त्यांच्या तारांना चिठ्ठ्या लावल्या, मग वळून दोन सीटांसमोर उभा राहिलो आणि त्यांच्या तारांना लावल्या. अक्षर ठळक, वर चिकटपट्टी. पाणी पडलं तरी पुसणार नाही.

टेम्पोवाला आला. हा मनुष्य बोलण्याचे पैसे वेगळे घेत नाही म्हणून बरं. "आजोबा, मोटारच आहे ना, मग चालवत का नाही नेत?" हा पहिला प्रश्न. मग त्याने आणि जावईबापूंनी जोर लावला आणि पेटी ढकलली. पेटीला खाली चाकं असतात, पण ती हलू नये म्हणून चार स्क्रूचे पाय जमिनीवर टेकवलेले असतात. ते आधी वर फिरवायचे असतात. ते नंतर कळलं. खेळघराच्या फरशीवर दारापर्यंत चार समांतर रेघा उठल्या. टेम्पोवाला म्हणाला, "मालक, रस्ता आखून दिला, वरचे पैसे नको."

घरी आल्यावर पेटी दारात अडली. दार निघालं तीस इंच. जावईबापू टेपेकडे आणि दाराकडे आळीपाळीने बघत राहिले. मुलगी म्हणाली, "चार वजा नाही केलेत?" ते म्हणाले, "कशातून?" नऊ वर्षांच्या संसारात इतकी मूलभूत गोष्ट एकमेकांना सांगायची राहून जाते, यावर आपण दोन्हीकडच्या वडिलांनी विचार करायला हवा. चौकट काढायची म्हटली तर भिंत येईल. टेम्पोवाल्याने घराला एक फेरी मारली आणि येऊन सांगितलं, "आजोबांची खिडकी मोठी आहे." माझी खोली रस्त्याला लागून, हा माझा गुन्हा. खिडकीचे गज उतरवले, दोन फळ्या लावल्या, आणि चारही तुकडे माझ्या पलंगाच्या जागेवर सुखरूप उतरले. पलंग बोळात गेला. जावईबापू म्हणाले, "बाबा, तात्पुरतं हं." तात्पुरतं होऊन आज सहावा आठवडा चालू आहे.

बोळात माझं उत्तम चाललंय. पहाटे न्हाणीघरात जाणारा प्रत्येक जण माझ्या पलंगाला ठेचकाळतो, त्यामुळे घरात कोण उठलं हे मला विचारावं लागत नाही. खिडकीचे गज अजून भिंतीला टेकून उभे आहेत. म्हणून दिवसा मी खोलीतच राखणीला बसतो. बसायला तिथे फक्त मोटारीची सीट आहे, त्याला माझा इलाज नाही. जमीन खचेल का, नळी फुटेल का, वीज भिंतीत उतरेल का, या तीन काळज्या मी वाटून घेतल्या आहेत, सकाळ, दुपार, संध्याकाळ.

एवढं करून यंत्र सरळ चालत असतं तरी मी तोंड मिटून बसलो असतो. डाव्या सीटचं स्टिअरिंग फिरवलं की उजव्या पडद्यावरची मोटार वळते आणि उजव्या सीटचं फिरवलं की डाव्या. जावईबापू पहिल्या दिवशी जोरात निघाले आणि रिकाम्या सीटसमोरची मोटार जाऊन भिंतीवर आपटली. त्यांची स्वतःची जागची हलली नाही. तेव्हापासून रोज कामावरून आले की ते आतल्या सर्किटच्या पट्ट्या काढून भिंग लावून बघतात. मुलीने एकदा विचारलं, तारा उलट्या जोडल्या असतील तर? ते म्हणाले, "चिठ्ठ्या बाबांच्या आहेत. तिथे चूक नसणार." गेल्या आठवड्यात त्यांनी भिंग ठेवून दिलं. आणताना आपल्याच हातून आत काहीतरी तुटलं असणार, म्हणाले. मुलगी म्हणाली, "मग कशाला ठेवायचं? बाबांची खोली म्हणजे काय गोदाम आहे?" ते नुसतं स्टिअरिंग पुसत बसले.

तर व्याहीबुवा, हा सगळा प्रकार. एका म्हाताऱ्या माणसाची खोली, खिडकी आणि झोप गेली, आणि त्या बदल्यात घरात दुसऱ्याची मोटार चालवायचं यंत्र आलं. योग्य काय ते आपण ठरवालच. विहीणबाईंना नमस्कार. गुडघ्याला ऊब द्या.

आपला नम्र,
बोळातला व्याही

ता. क. वरचं पत्र मुलीला वाचून दाखवलं. तिला पसंत पडलं. आपल्या वडिलांसाठी ती सहा आठवडे नवऱ्याशी भांडते आहे, तिच्यादेखत मला याहून वेगळं लिहिता येत नव्हतं. आता ती कामावर गेली आहे. भंगारवाल्याला नाही म्हणून कळवा.

ता. क. दुसरं. पेटी उचलल्यामुळे माझी मान धरली असं घरात सगळे समजतात. मी पेटी उचलली नव्हती. दुपारी घरात कोणी नसतं. मी रबरी चपला घालतो, पायाखाली पाट घेतो, उजव्या सीटवर बसतो आणि माझी मोटार डाव्या पडद्यावर असल्यामुळे मान तिकडे वळवून चालवतो. रोज दोन तास. काल सातवा आलो. मोटारी आठच असतात, पण शाळेतसुद्धा माझा नंबर याहून वर कधी लागला नव्हता. वळणावर ते स्टिअरिंग हाताला असं खेचतं, की क्षणभर जमीन खचायची काळजीसुद्धा राहत नाही.

ता. क. तिसरं, आणि हे वाचून झाल्यावर फाडून टाका. परवा मान वळवताना लक्षात आलं. पडद्यांसमोरून वळून मी सीटांकडे तोंड केलं, तेव्हा माझा डावा हात बसणाऱ्याच्या उजव्या बाजूला गेला. पार्सलमध्ये कोणी बसत नाही, म्हणून बत्तीस वर्षांत हा प्रश्न आला नाही. जावईबापूंच्या हातून काहीही तुटलेलं नाही. ते सहा आठवडे स्वतःला दोष देतात आणि मी समोर बसून कवळीतून चहा पितो. चारदा सांगायला गेलो. चारही वेळा त्यांनी उठून मला बसायला जागा दिली, मग तोंडून निघेना. तेव्हा आपण असं लिहा, की यंत्र राहू दे, आणि माझ्या मनात सहज आलं म्हणून सांगतो, एकदा तारांची अदलाबदल करून बघ. आपण वडील आहात, आपल्याला सहज सुचू शकतं. माझी चिठ्ठ्यांची बत्तीस वर्षं तेवढी शाबूत राहतील. अदलाबदल झाली की शेजारच्या सीटवर कोणीतरी लागेलच. आपला गुडघा ब्रेकपुरता वाकत असेल तर येऊन जा. मी बोळात आणखी एक गादी घालतो.

रविवारच्या आत दोन ओळी नक्की पाठवा, आणि त्या माझ्या नावे नकोत, चिरंजीवांच्याच नावे पाठवा. पाकिटावर पत्ता दोन्ही बाजूंनी लिहा. टपालातही चिठ्ठ्या लावणारी माणसं माझ्यासारखीच असतात.