आत कोण राहतं

रविवार, १२ ऑक्टोबर

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद. (सवयीने लिहून गेलो. खोडत नाही.)

आज सुटी. सकाळी पाणी भरलं, पुढच्या खोलीतल्या लहान खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या. दुपारी झोप आली नाही, म्हणून लिहायला बसलो. तुझा प्रवास नीट झाला असेल.

काल क्लास सुटल्यावर तू दारात म्हणालास, "भावजी, पोरांना शिस्त म्हणून नाही. ताईने नुसती लाडावून ठेवलीत." मी मान हलवली. ती होकाराची नव्हती. मी मूग गिळून बसणारा माणूस, आणि ते तुम्हा सगळ्यांच्या सोयीचं आहे. पत्रात बरं असतं, मधेच कोणाला बोलता येत नाही.

तुझी ताई गेली, तिचा शनिवारचा व्हायोलिनचा क्लास बंद पडू नये म्हणून तू आलास. त्याची जाणीव आहे. पण आल्या आल्या त्या खोलीत जे केलंस, ते गिळता येत नाही.

पोरं व्हायोलिन हातात घेतलं की आधी त्याच्या भोकाशी तोंड नेतात आणि विचारतात, "उठलात का?" हे ताईने शिकवलेलं नाही, पोरांनीच काढलं. प्रत्येकाच्या आत कोणीतरी राहतं. एकाच्या आत खारूताई, एकीच्या आत चिडके आजोबा. तारांवर बो जोरात दाबला की आजोबा खालून छतावर झाडूचा दांडा ठोकतात, "वरच्यांनो, हळू चाला की!" ताईने तेवढं उचललं. सहा वर्षांच्या पोराला हात हलका ठेव म्हणून कितीदा सांगा, कळत नाही. आजोबांची झोपमोड होते म्हटलं की लगेच कळतं. मी हे स्वयंपाकघरातून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. सुरातलं मला कळत नाही, मान्य. "गाढव परवडलं, त्याला निदान दोन सूर येतात," असं तू माझ्याच लग्नात म्हणाला होतास. पण पोरं कशाने शिकतात ते मला दिसत होतं.

तू काय केलंस? टाळी वाजवून म्हणालास, "आत कोणी नसतं. हवा असते आणि लाकडाची एक काडी." वर मोबाइलचा उजेड पाडून एकेकाला दाखवलंस. खारूताईवाला रडला. जिला ताई तिच्या प्रश्नांमुळे शंका म्हणायची ती रडली नाही. तिने नीट वाकून बघितलं आणि म्हणाली, "मग बाहेर गेले असतील. कधी येणार?" तू म्हणालास, "मान सरळ." पन्नाशीला आलास, अजून छोटूच राहिलास. त्या खोलीत मोठ्या माणसासारखं कोणी वागलं असेल तर ती पोर.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तू येण्याआधीचे दोन शनिवार शिकवायला कोणी नसतानाही पोरं आली. पहिल्याच दिवशी त्यांनी आपापसात ठरवून टाकलं, की बाई आता स्वतःच्या व्हायोलिनच्या आत राहायला गेल्या. तेव्हापासून आल्या आल्या तिच्या पेटीशी जातात. "बाई, बरं आहे का?" मग माझ्याकडे बघतात. मी सांगतो, "आज बरं आहे." एकदा म्हटलं, "जरा खोकला आहे." हसायचं तर हस. इथे येणारा जो तो मला सावरा म्हणतो. तिची तब्येत फक्त ती पोरं विचारतात.

तू तेही व्हायोलिन उचललंस. "बघा, बाईंच्याही आत काही नाही." मग खुंट्या पिळून तारा सुरात लावल्यास आणि वाजवलंस. छानच वाजवलं असशील.

पोरांच्या बाजूने भांडायचं म्हणून लिहायला बसलो होतो. इतकं लिहून खरं ते राहिलंच आहे.

हॉस्पिटलात जायच्या दिवशी सकाळी तिने त्या तारा लावल्या होत्या. नंतर कोणी हात लावला नव्हता. उतरल्या होत्या, तेवढं मलाही कळत होतं. मी रोज एक तार बोटाने छेडायचो. बेसूर वाजायची, पण ती तिने पिळलेली होती. आता सूर अगदी बरोबर आहे, आणि तो तुझा आहे. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. गप्प माणसाला विचारावं लागतं, छोटू.

पुढच्या शनिवारी येऊ नकोस. शिकवणारं कोणी मिळेल तेव्हा मिळेल. तोवर मी दार उघडीन, पोरं त्यांना येतं ते वाजवतील. आली तर.

काल निघताना शंकाने चप्पल घालता घालता मला विचारलं, "काका, बाई आज कशा आहेत?" मी वाकून तिच्या चपलेचा पट्टा लावला. आतापर्यंत दर वेळी मला उत्तर देता आलं होतं. तुझ्यावरचा राग एवढाच आहे, आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही.

उद्या सकाळची पाळी आहे. शर्ट दोरीवरून काढून इस्त्री करून ठेवतो.

तुझ्या ताईचा नवरा