चहा मी केला म्हणून

मुर्री, रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आज चर्चच्या मंडळीतल्या पुरुषांची प्रार्थना आमच्या घरी होती. सुनीता दवाखान्यात ड्युटीवर, म्हणून शिलाई मशीन बाजूला सारून चहा-पोहे मीच केले. नेहमीच करतो. तर मंडळीचे वडील, म्हणजे ज्येष्ठ पंच, दाऊदभाऊ आपला नेहमीचा टोमणा आज सगळ्यांसमोर मारतात, "बायको नर्स, अन् हा घरी बसून फ्राक शिवते, भात रांधते. देवानं मरदाले घराचं मस्तक बनवलं ना रे?"

सगळे हसले. मीही हसलो. का हसलो?

ते गेल्यावर माझ्या रूथनं विचारलं, "पप्पा, भात रांधणं वाईट असते काय?" सात वर्षांची पोर! मी तशीच चप्पल घातली आणि दाऊदभाऊंचं दार ठोठावलं. म्हटलं, "येशूनं शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा तो मस्तक नव्हता काय? मी घरी शिवतो म्हणून पोरीले शाळेतून आल्यावर बाप दिसते."

"मजाक केली रे."

"माझ्या पोरीले नाही समजली."

एवढं बोलून घरी परतलो. पण मीही हसलो होतो, तेच जास्त झोंबतंय.

सुनीता आली, तिला सगळं सांगितलं. वाटलं, भांडायला गेलो म्हणून रागावेल. सँडल सोडत म्हणाली, "इतके दिवस काऊन थांबले होते?"